पृथ्वीप्रदक्षिणेचे तिकीट आणि पनवेलची धावपट्टी

२५ डिसेंबर २०२५ रोजी बेंगळुरूहून आलेले पहिले प्रवासी विमान नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरले आणि पनवेलच्या इतिहासात आणखी एका फाट्याची भर पडली. खाडीतून मालाची गलबते येत तेव्हा पनवेल हे बंदर होते. पुढे पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता येथेच वेगळा झाला. कोकणात जाणाऱ्या रेल्वेगाड्यांसाठीही ते जंक्शन ठरले. ज्या गावाला फाटे अधिक, त्या गावाला पर्याय अधिक, हे पनवेलकरांना कुणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे उशाशी विमानतळ आल्यावर 'आता येथूनच जगाला फेरी मारता येईल' असे स्वप्न घराघरांत पडू लागले असेल, तर ते स्वाभाविकच आहे. मात्र हे स्वप्न परवडण्याजोगे होईल की नाही, हे विमानतळ घरापासून किती जवळ आहे यावर ठरत नाही. ते ठरते पुढच्या जोडण्यांवर, भाड्याच्या नियमांवर आणि सर्वांत अधिक म्हणजे हातातील पासपोर्टवर.

पृथ्वीप्रदक्षिणा ही केवळ हौशी धनिकांची चैन आहे, असा समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यात आज अशी कितीतरी घरे आहेत, की ज्यांची मुलगी न्यू जर्सीत आणि मुलगा सिडनीत स्थायिक झाला आहे. निवृत्त आईवडील एका वर्षी एकाकडे, तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्याकडे जातात. मुंबई-सिडनी आणि मुंबई-न्यूयॉर्क असे जाण्यायेण्याचे दोन स्वतंत्र प्रवास केले, तर हवाई अंतर सुमारे ४५,४०० किलोमीटर भरते. तेच मुंबई, सिडनी, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि पुन्हा मुंबई असे वर्तुळ पूर्ण केले, तर ते सुमारे ३८,७०० किलोमीटर होते. म्हणजे पृथ्वीला पूर्ण फेरी घालणारा हा प्रवास दोन वाऱ्यांपेक्षा साडेसहा हजार किलोमीटरहून अधिक अंतराने कमी आहे! नकाशा सपाट कागदावर पाहण्याची सवय असल्याने ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही.

पण विमानाचे भाडे किलोमीटरवर ठरत नाही, आणि खरा घोळ येथूनच सुरू होतो. जाण्यायेण्याच्या तिकिटावर कंपन्या सवलत देतात. एकेरी तिकिटे जोडून केलेला लहान मार्ग कित्येकदा दोन वाऱ्यांहून महाग पडतो. हा पेच सोडविण्यासाठीच 'जगप्रदक्षिणा तिकीट' हा प्रकार अस्तित्वात आला. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने जून १९४७ मध्ये प्रदक्षिणेची नियमित विमानसेवा सुरू केली, तेव्हा एकच कंपनी बहुतांश जग ओलांडत होती. आज तसे करणारी कंपनी नाही. त्यामुळे कंपन्यांचे संघ एकत्र येऊन असे तिकीट देतात. वनवर्ल्ड संघाच्या 'एक्सप्लोरर' तिकिटाचे भाडे किती खंडांना स्पर्श होतो यावर ठरते, तर स्टार अलायन्सच्या तिकिटाचे भाडे एकूण मैलांच्या टप्प्यांवर ठरत आले आहे. २६ हजार, २९ हजार, ३४ हजार आणि ३९ हजार मैल असे ते टप्पे होते. वर सांगितलेले वर्तुळ सुमारे २४ हजार मैलांचे, म्हणजे सर्वांत खालच्या टप्प्यातही बसणारे आहे. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये सामील झाली, तेव्हा भारतीय प्रवाशाला हे दार अधिक जवळचे झाले. टप्पे आणि विक्रीच्या पद्धती कंपन्या बदलत असतात. म्हणून आखणी करताना त्या त्या वेळचा नियम पाहणे अगत्याचे.

या तिकिटांचे सर्वसाधारण नियम मात्र बरेचसे समान आहेत. प्रवास पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, अशा एकाच दिशेने करावा लागतो. अटलांटिक आणि प्रशांत हे दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडायचे. ज्या देशातून निघाले, तेथेच परतायचे. मुदत किमान दहा दिवस आणि कमाल एक वर्ष. विमानांचे टप्पे जास्तीत जास्त सोळा, आणि दोन विमानतळांमधील अंतर रस्त्याने वा रेल्वेने कापले, तरी तो एक टप्पाच मोजला जातो. मधला एखादा टप्पा न कळवता सोडला, तर पुढचे सारे तिकीट रद्द होऊ शकते. याउलट तारीख बदलणे बहुधा सोपे असते. शुल्क लागते ते मार्ग बदलला तर. आणखी एक महत्त्वाची बाब अशी, की याच तिकिटाचे भाडे कोणत्या देशातून निघायचे यावर बदलते. म्हणून काही मुरलेले प्रवासी स्वस्त देशापर्यंत वेगळ्या तिकिटाने जाऊन प्रदक्षिणा तेथून सुरू करतात. बचत मोजताना त्या जोडप्रवासाचे भाडे, मुक्काम आणि व्हिसा वजा केला नाही, तर हा हिशेब फसवा ठरतो.

दुसरा मार्ग आहे तो सुटी तिकिटे स्वतःच जोडण्याचा. स्वस्त विमानसेवांनी आता महासागरही ओलांडले आहेत. जपान एअरलाइन्सच्या कुटुंबातील झिपएअर ही कंपनी बँकॉक आणि सिंगापूरहून टोकियोला, तसेच टोकियोहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला उड्डाणे करू लागली, तेव्हा प्रशांत महासागराचा सर्वांत महागडा टप्पा पहिल्यांदाच मध्यमवर्गाच्या आवाक्यात दिसू लागला. मुंबई, सिंगापूर, टोकियो, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन, मुंबई हे वर्तुळ सुमारे ३४,७०० किलोमीटरचे आहे. थोड्याच ठिकाणी थांबायचे असेल, तारखा लवचिक असतील आणि सामान हातात मावेल एवढेच असेल, तर सुटी तिकिटे स्वस्त पडण्याचा संभव अधिक.

तथापि स्वस्ताईची किंमत संकटाच्या वेळी चुकवावी लागते. मार्च २०१९ मध्ये आइसलँडची वॉव एअर बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली, जानेवारी २०२१ मध्ये नॉर्वेजियनने लांब पल्ल्याची सेवा गुंडाळली आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. एकाच तिकिटावर विमान चुकले, तर पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीवर येते. सुट्या तिकिटांत एक दोरा तुटला, की पुढचे सारे मणी प्रवाशालाच वेचावे लागतात. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेवरील कादंबरीत नायक मुंबई बंदरात उतरतो, कलकत्त्याची रेल्वे पकडतो आणि मध्येच रूळ संपल्याने त्याला दोन हजार पौंडांना हत्ती विकत घ्यावा लागतो. १८७३ च्या त्या पुस्तकातील प्रसंग गमतीचा आहे, पण तुटलेली जोडणी किती महाग पडते याचे त्याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. आजच्या प्रवाशाच्या वाट्याला हत्तीऐवजी आयत्या वेळचे एकेरी तिकीट येते, एवढाच फरक.

भारतीय प्रवाशापुढे याहूनही मोठा अडथळा आहे तो व्हिसाचा. पाश्चात्त्य देशांतील मार्गदर्शक पुस्तके प्रदक्षिणेचा आराखडा ऋतू आणि भाडे पाहून करायला सांगतात. भारतीय पासपोर्ट असणाऱ्याने तो प्रथम व्हिसाच्या मुदती पाहून करावा लागतो. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच अर्ज करता येतो. जपानचा साधा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. म्हणजे वर्षभराची निवांत प्रदक्षिणा ठरविली आणि सारे व्हिसा निघण्यापूर्वी मायदेशातच घ्यायचे म्हटले, तर जपान आणि युरोप हे दोन्ही प्रवासाच्या पूर्वार्धात उरकावे लागतात. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळत आला आहे. तो हाती असेल, तर अमेरिका उत्तरार्धात ठेवता येते. शिवाय त्या व्हिसाच्या आधारे मेक्सिकोसारख्या देशात वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. म्हणून तिकीट काढण्याआधी वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीची मुलाखत उरकणे, हीच प्रदक्षिणेची खरी पहिली पायरी होय.

या व्हिसांचा खर्चही किरकोळ नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाचे शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर झाले. चौघांच्या कुटुंबाला ते ७४० डॉलर पडते, आणि अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही. जुलै २०२५ मधील अमेरिकी कायद्याने व्हिसा मिळणाऱ्या प्रत्येकावर आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद केली. शेंगेनचे शुल्क जून २०२४ मध्ये प्रौढांसाठी ९० युरो करण्यात आले. जर्मन वा जपानी प्रवाशाच्या वाट्याला यांतील बराचसा भार येतच नाही. तिकिटाचे भाडे दोघांना एकच असेल. प्रदक्षिणेचा खर्च मात्र एक नाही. त्यातच अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले, तरी भारतीयाला व्हिसा लागतो. सिंगापूरसारख्या ठिकाणी विमानतळाबाहेर न पडणाऱ्याला तो लागत नाही. पण तिकिटे सुटी असतील आणि सामान पुढे थेट जाणार नसेल, तर ते घेण्यासाठी बाहेर पडावे लागते आणि व्हिसाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. स्वस्त तिकिटाचा हा छुपा खर्च अनेकांना विमानतळाच्या खिडकीवरच कळतो.

करांचेही असेच आहे. ब्रिटन आपल्या भूमीवरून उडणाऱ्या प्रवाशाकडून अंतरानुसार शुल्क घेते; उतरणाऱ्याकडून नाही. लंडनला उतरून रेल्वेने पॅरिस गाठावे आणि तेथून भारतात यावे, अशी युक्ती त्यावर सुचविली जाते. परंतु तिला ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन व्हिसा लागतात, आणि वाचलेले शुल्क तेथेच खर्ची पडते. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के, तर वरच्या वर्गावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. परदेश सहलीच्या एकत्रित 'पॅकेज'वर उगमस्थानी कर गोळा केला जातो. त्याचे दर २०२३ पासून वारंवार बदलले आहेत. नुसते आंतरराष्ट्रीय तिकीट घेणे म्हणजे पॅकेज नव्हे, हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा २०२३ मधील खुलासा प्रवाशाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मग या साऱ्यात पनवेलच्या धावपट्टीचे स्थान काय? मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. नव्या कंपनीला सोयीची वेळ मिळणे तेथे दुरापास्त झाले होते, आणि जेथे वेळा मिळत नाहीत तेथे स्पर्धा होत नाही, भाडे उतरत नाही. पनवेलचा खरा उपयोग येथे आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आणि अंतिम टप्प्यात नऊ कोटींचे उद्दिष्ट, हे आकडे प्रदक्षिणा करणाऱ्याला तेव्हाच उपयोगाचे ठरतील, जेव्हा येथून सिंगापूर, टोकियो, आखात आणि युरोप यांना थेट व स्पर्धात्मक जोडण्या मिळतील. परदेशी कंपन्यांना किती आसने मिळावीत, हे दोन देशांच्या सरकारांमधील करारांवर ठरते. तो निर्णय दिल्लीत होतो, पनवेलमध्ये नव्हे. शिवाय मुंबईचे दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाच्या ताब्यात आहेत. त्यामुळे त्यांच्यात परस्पर स्पर्धा होईल, असे गृहीत धरता येत नाही. विमानतळाच्या शुल्कांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक प्राधिकरणाची जबाबदारी त्याने वाढते.

हा प्रश्न केवळ पर्यटनाच्या हौसेचा नाही. १,१६० हेक्टरांवरील या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, कोंबडभुजे यांसह दहा गावांनी आपली घरे सोडली. उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, उलव्याचा डोंगर सपाट झाला. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्यातूनच पुढे आले. ज्यांच्या जमिनीवरून विमाने उडतात, त्यांच्या मुलानातवंडांना त्या विमानांत केवळ सामान चढविण्याचेच काम मिळते की आसनही परवडते, यावर या प्रकल्पाचा हिशेब मांडला जाईल.

तूर्त पनवेलकर कुटुंबाला व्यवहार्य मार्ग आहे तो थोड्या थांब्यांचा. सिडनीतील मुलगा आणि न्यू जर्सीतील मुलगी यांना जोडणाऱ्या वर्तुळाला मुळात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका असे दोनच व्हिसा लागतात. वाढविलेला प्रत्येक देश हौसेबरोबर एक अर्ज, एक शुल्क आणि एक तारीख घेऊन येतो. आधी व्हिसा, मग मार्ग आणि शेवटी तिकीट, हा क्रम पाळला, तर दोन वर्षांच्या दोन वाऱ्या एका फेरीत बसू शकतात. दोन्ही भाडी शेजारी मांडून पाहावीत, आणि फरक थोडा असेल तर एकाच तिकिटाची हमी निवडावी. पनवेलच्या धावपट्टीवरून समुद्रापारच्या जोडण्या जसजशा वाढतील, तसतसा हा हिशेब प्रवाशाच्या बाजूला झुकेल. जोवर त्या पुरेशा नाहीत, तोवर पनवेलकराच्या प्रदक्षिणेचा पहिला टप्पा सहारपर्यंतचा टॅक्सीप्रवास हाच राहील.