विश्लेषण : बर्फासाठी घडलेली जुनी ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ मालाडला परवडते का?

दिल्लीत वयोमर्यादेच्या कचाट्यात सापडलेल्या मोठ्या मोटारी मुंबईच्या जुन्या वाहनांच्या बाजारात तुलनेने स्वस्तात मिळतात. त्यात चारही चाकांना ताकद देणाऱ्या ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ गाड्याही असतात. नव्या हॅचबॅकच्या किमतीत एकेकाळची आलिशान गाडी मिळत असेल, तर मोह होणारच. पण कमी किमतीत घेतलेली ही गाडी मालाडमध्ये पुढची पाच वर्षे वागवायची म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यायला हवे.

ही गाडी कोणासाठी बनली?

साध्या मोटारीत इंजिनाची ताकद पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांना मिळते. बर्फात किंवा चिखलात ती चाके जागेवरच फिरू लागली, की गाडी अडकते. यावर उपाय म्हणून जपानच्या सुबारू कंपनीने १९७२ मध्ये ‘लिओनी’ ही चारचाकी ताकदीची स्टेशन वॅगन बाजारात आणली. जपानच्या बर्फाळ ईशान्य भागातील वीज कंपनीला डोंगरी रस्त्यांवर चालेल अशी, पण जीपपेक्षा आरामदायी गाडी हवी होती. तिथून ही कल्पना निघाली. पुढे अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या थंड भागांत अशा वॅगन घराघरांत पोहोचल्या.

भारतात अशा गाड्या आल्या का?

आल्या, पण रुजल्या नाहीत. टाटा इस्टेट, मारुतीची बलेनो अल्टुरा, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी या वॅगनना भारतीय ग्राहकाने फारसे जवळ केले नाही. सुबारूची ‘फॉरेस्टर’ जनरल मोटर्सने शेवरोले नावाने इथे विकली. पण २०१७ अखेर या कंपनीने भारतातील विक्रीच थांबवली. व्होल्वोची ‘व्ही ९० क्रॉस कंट्री’ २०१७ मध्ये आणि मर्सिडीजची ‘ई-क्लास ऑल टेरेन’ २०१८ मध्ये आली. त्यांचा ग्राहक मर्यादितच राहिला. त्यामुळे जुन्या बाजारात आज ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ म्हटले, की बहुतेकदा एसयूव्हीच समोर येते. मॉडेल जितके दुर्मीळ, तितके सुटे भाग मिळणे कठीण. स्वस्त किमतीचे हेही एक कारण असते.

दिल्लीची गाडी स्वस्त का?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी घातली. १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांबाबतचा हा निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम ठेवला. जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना इंधनच न देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांतच थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांवरील सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. डिसेंबरमध्ये हे संरक्षण ‘बीएस-४’ आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. या अनिश्चिततेमुळे दिल्लीतील मालक गाडी लवकर काढून टाकतो आणि भाव पडतो.

मालाडमध्ये नोंदणीचे काय?

दुसऱ्या राज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो. मालाडकरांसाठी तो बोरिवली कार्यालयाचा ‘एमएच-४७’. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंदही हवी. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार नव्याने भरावा लागतो आणि डिझेलला तो पेट्रोलपेक्षा जास्त असतो. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्याचा पाठपुरावा स्वतःच करावा लागतो. म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी ना हरकत प्रमाणपत्र हातात घ्यावे आणि वयाने जुनी गाडी इथे नोंदवून घेतली जाईल का, हे बोरिवलीला विचारावे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.

तिकडचे मीठ रस्त्यावर, इथले हवेत

थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याने गाडीचा तळ गंजतो. त्यामुळे तिथला जाणकार ग्राहक आधी गाडीखाली वाकून पाहतो. मालाडमध्ये बर्फ नाही. पण मार्वे, मढ, आक्सा हाकेच्या अंतरावर आहेत. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तेच काम सावकाश करतात. दिल्लीच्या कोरड्या हवेतली गाडी तळाने चांगली असू शकते, पण इथे आल्यावर गंजरोधक लेप आणि पावसाळ्यानंतर तळ धुणे चुकवून चालत नाही.

सबवेत पाणी तुंबले तर?

इथेच सर्वात मोठा गैरसमज आहे. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी पाण्यातून सुखरूप जात नाही. इंजिनाची हवा घेण्याची नळी किती उंचावर आहे, यावर ते ठरते. मालाड सबवेत पाणी भरले असताना गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेले, तर ‘इंजिन प्रोटेक्ट’सारखे जादा संरक्षण घेतले नसल्यास विमा कंपनी सहसा हात वर करते. शिवाय या गाड्यांत मागच्या बाजूलाही डिफरन्शियल असते. त्यात पाणी शिरले, की तेल दुधाळ होते आणि दातेरी चाके झिजू लागतात. जुनी गाडी घेताना हे तेल तपासणे हा तिचा भूतकाळ ओळखण्याचा सोपा मार्ग.

ब्रेकचेही तसेच. ही यंत्रणा गाडी पुढे काढायला मदत करते, थांबवायला नाही. थांबवतो तो टायर. म्हणूनच कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी सूट नाही.

देखभालीचा खरा खर्च कुठे?

टायरमध्ये. चारही टायरची झीज जवळपास सारखी असावी लागते, नाहीतर ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. एक टायर फुटला, तर अनेकदा दोन किंवा चारही बदलावे लागतात. डिफरन्शियल आणि कपलिंगचे तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या नसतील, तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. गाडी बंद पडल्यास ती चाके उचलून ओढत न नेता सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

पुढे काय?

मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहनांवर बंदी शक्य आहे का, हे तपासण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. वीस वर्षांवरील मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्कही केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये केले. जुनी डिझेल गाडी दिल्लीत ज्या कारणाने स्वस्त झाली, ते कारण उद्या मुंबईतही येऊ शकते. आणि तेव्हा विकणारा मालाडचा असेल.

दर हिवाळ्यात हिमाचल-लडाख गाठणाऱ्याला किंवा कोकणातल्या कच्च्या चढावर घर असलेल्याला या गाडीचा उपयोग आहे. रोज लिंक रोडच्या कोंडीत उभे राहणाऱ्यासाठी मात्र दोन चाकांची ताकद आणि चार चांगले टायर पुरेसे आहेत.