नोकरी सोडणाऱ्या कामगाराला आपण काय सांगणार?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. सातपूरच्या युनियन कार्यालयात पेठ तालुक्यातील एक तरुण भिजत भिजत आला. आय. टी. आय. झालेला फिटर, अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला लागून त्याला सात महिने होत आले होते. सिन्नरकडचा दुसरा ठेकेदार दीड हजार रुपये अधिक देऊ करीत होता आणि सोमवारपासूनच ये म्हणत होता. ‘भाऊ, जाऊ का राहू?’ एवढाच त्याचा प्रश्न.

आम्ही तिघे जुने कार्यकर्ते तेथे बसलो होतो. आम्ही त्याला अर्धा तास ऐकविले. चार पैशांसाठी जागा सोडणाऱ्यांमुळेच संघटना उभी राहत नाही, आजचे तरुण एका ठिकाणी टिकत नाहीत, वगैरे. त्याने अदबीने ऐकून घेतले, चहा घेतला आणि तो गेला. पुन्हा आला नाही. नंतर केव्हातरी प्रस्तुत लेखकाच्या ध्यानी आले की, त्याचे कामाचे दिवस किती भरले आहेत हे आम्हा तिघांपैकी एकानेही विचारले नव्हते.

बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याच्या दृष्टीने एक वर्षाची अखंड सेवा होते. मग कामावरून कमी करावयाचे झाल्यास एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेतही ती आहे. आपल्या कार्यकर्त्यांना हा आकडा आठवावा लागतो, ठेकेदाराला तो तोंडपाठ असतो. सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देण्याची रीत त्यातूनच पडली. म्हणजे नोकरी केव्हा बदलावयाची हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते, आणि ठरविणारा कामगार नसतो. तो तरुण उंबरठ्यापासून महिनाभर दूर होता. जायचेच होते तर महिनाभर थांबून जा, असे त्याला सांगणे शक्य होते. आम्ही त्याला निष्ठा शिकवीत बसलो.

ही निष्ठेची भाषा आपल्यापाशी कोठून आली हे पाहावयास हवे. ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे प्रेस, सातपूरचे जुने कारखाने येथे एकदा चिकटलेला माणूस निवृत्त होऊनच बाहेर पडे. युनियन त्याच्या बळावर उभी राहिली, आणि जागा सोडणे म्हणजे रणातून पळणे असे आपल्याला वाटू लागले. त्या माणसाच्या बाबतीत ते खरेही होते. परंतु ज्याला हजेरीपटावर कारखान्याचे नावच नाही, त्याने कोणाशी एकनिष्ठ राहावयाचे? निघून जाणे हा त्याच्या हातातला एकमेव संप आहे.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जाऊन पाहा. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या बागेत पाऊल टाकण्यापूर्वी एकराचा भाव ठरवितात. जमले नाही तर पुढच्या बागेकडे वळतात. छाटणीची तारीख टळली तर बागायतदाराचे हंगामाचे गणित बिघडते, त्यामुळे त्याला बोलणी करावीच लागतात. त्या मजुरांना कोणी चंचल म्हणत नाही. मात्र ते एकेकटे वळत नाहीत, टोळीच्या टोळी वळते. त्याच घरचा मुलगा अंबडला आला की एकटा पडतो, एकटाच फोनवर भाव ऐकतो आणि एकटाच जातो. तो गेल्याने जुन्या कारखान्यातला दर तेथेच राहतो, कारण त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा असतो.

फोनवरचा तो भाव तरी खरा असतो काय? विजेच्या खांबावर ‘हेल्पर, ऑपरेटर पाहिजेत’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, त्यात बहुधा बारा तासांची पाळी धरलेली असते. जादा तासांना दुप्पट दर देणे बंधनकारक असता तो साध्या दराने मिसळून मोठा पगार दाखविला जातो. काही ठेकेदार स्वतःच्या वाट्याची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणीही त्याच आकड्यात धरतात. मग बसभाडे, कॅन्टीन, गणवेश. आठ तासांचे हातात किती पडणार, हा एक प्रश्न विचारला की दीड हजारांतील पुष्कळसे विरघळते. नावनोंदणीची फी आधी मागणाऱ्या कन्सल्टन्सींविषयी तर बोलावयासच नको. जो काम देण्यापूर्वी पैसे घेतो त्याचा धंदा काम देण्याचा नाही.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते. नोकरी सोडताना दर वेळी निधी आणि त्याबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेतली, तर ती वर्षे पुसली जातात. २०१४ पासून कामगाराला एकच कायमचा क्रमांक मिळू लागला, तरी नवा ठेकेदार पुष्कळदा नवाच क्रमांक काढून मोकळा होतो. राज्य विम्याचेही तसेच. आजारपणाचा भत्ता मिळावयाचा तर सहा महिन्यांच्या वर्गणीकालात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मध्ये रिकामे दिवस गेले की सातपूरच्या विमा रुग्णालयाची पायरी चढूनही भत्ता हाती पडत नाही.

भरतीच्या दलालाशी आपला झगडा जुनाच आहे. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर नोकरी लावण्याचे पैसे घेई आणि खुशी न मिळाली तर काढून टाकी. १९३१ साली रॉयल कमिशनने त्याच्या सत्तेवर बोट ठेवले, आणि १९३५ मध्ये गिरणीमालकांना बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत सुरू करावी लागली. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कंत्राट पद्धत रद्द झाली तर कामगार मूळ मालकाचा झाला; २००१ मध्ये त्याच न्यायालयाने ते फिरविले. आता तो कायदा जाऊन संहिता आली आहे. मुख्य उत्पादनात कंत्राटी कामगार नसावा असे ती म्हणते, आणि लगोलग अपवादही सांगते. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे तिने बंधनकारक केले आहे, ते मात्र मागून घ्यावे.

यापेक्षा वेगळा मार्ग महाराष्ट्रानेच काढला होता. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंद मंडळाकडे केली. तो आज या व्यापाऱ्याकडे आणि उद्या त्या गोदामात काम करील. पण त्याची मजुरी, निधी, बोनस सारे मंडळाकडे जमते. मालक बदलला तरी सेवा तुटत नाही. त्या मंडळांचे दोष आपण जाणतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये लेव्हीच्या वादात आपल्या जिल्ह्यातील कांदा लिलाव दिवसेंदिवस बंद राहिले, तेव्हा शेतकरी आणि हमाल समोरासमोर आले, हेही विसरता येत नाही. तरीसुद्धा सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे येथील ठेक्यावरच्या कामगारासाठी असे मंडळ मागण्यात काय अडचण आहे, ते या लेखकाला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही. ‘ठेकेदारी बंद करा’ ही घोषणा आपण पन्नास वर्षे देत आलो. ती सोडू नये. पण तोवर कामगाराची सेवा त्याच्याबरोबर चालावी, ही मागणी घोषणेपेक्षा लवकर पदरात पडू शकेल.

आणि तूर्त एक वही घालावी. ठेकेदाराचे नाव, कोणत्या कारखान्याला माणसे पुरवितो, आठ तासांचा खरा दर, पगाराची तारीख, निधीचा भरणा होतो की नाही, ब्रेक कितव्या महिन्यात देतो. नोकरी सोडून आलेल्या प्रत्येकाकडून या गोष्टी लिहून घ्याव्यात आणि जाणाऱ्या प्रत्येकाला त्या वाचून दाखवाव्यात. दहाजण एकाच दराला नाही म्हणाले तर ती टोळी झाली. आमच्या कार्यालयात ही वही सुरू झाली आहे. पहिली नोंद त्या पेठच्या तरुणाच्या ठेकेदाराची करावी असे मनात होते. पण त्या दिवशी आम्ही त्याचे नावही विचारून ठेवले नव्हते.