अर्ध्या कुपीला हसणाऱ्यांनो

आमच्या घरातल्या एका लग्नात माझ्या येरमाळ्याच्या फुफीने, म्हणजे आत्याने, नवरदेवाला अत्तराची कुपी दिली. कुपी एक तोळ्याची, आत अत्तर जेमतेम निम्मे. रुमालात गुंडाळलेली ती कुपी भाच्याच्या हातात ठेवून तिने सगळ्यांसमोर सांगितले, "बेटा, शीशी भरी हुई नै. तेरे फुफा की है. खस है, असली."

संध्याकाळी आहेराची वही लिहायला बसलेल्यांपैकी एकाने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "वापरून उरलेलं दिलं." बाकीचे हसले. कोणीतरी फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. फुफीला मोबाइल वाचता येत नाही, पण तिच्या नातवाला येतो. त्यानंतरच्या ईदला ती आमच्याकडे आली नाही.

म्हणून हे लिहितो आहे. हसणाऱ्यांत माझे सख्खे आहेत हे ठाऊक असूनही लिहितो आहे.

त्यांचे म्हणणे असे की भेट द्यायची तर भरलेली, सीलबंद द्यावी, नाहीतर देऊच नये. ऐकायला हे बरोबर वाटते. पण यात दुकानाचा नियम उचलून नात्याला लावला आहे. कुरआनच्या 83व्या सूरहमध्ये मापात मारणाऱ्यांना कडक इशारा आहे. घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि देताना कमी भरणारे, असे ते लोक. हा इशारा देवघेवीत दुसऱ्याचा हक्क मारणाऱ्याला आहे. माझे फुफा चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत पाल टाकून बांगड्या आणि अत्तर विकत. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि चंदनाचे तेल पाण्याहून किंचित हलके, म्हणून तोळ्याची कुपी साधारण 12 मिलीची असते, हे मला त्यांनीच शिकवले. गिऱ्हाइकाला त्यांनी थेंबभर कमी दिले नाही. पण भेट घेणाऱ्याने पैसे मोजलेले नसतात. त्याचा हक्क कुठे बुडाला?

आणि अत्तर ही चीजच मुळी उघडलेल्या कुपीतून देण्याची आहे. ईदगाहवर शेजारचा अनोळखी माणूस आपल्या कुपीची काडी तुमच्या मनगटावर फिरवतो, तेव्हा कुपी किती भरली आहे हे तुम्ही बघता का? मराठी लग्नांत अत्तरगुलाबाची रीत होती. पाहुण्याच्या हाताला अत्तर लावायचे, अंगावर गुलाबपाणी शिंपडायचे. ती अत्तरदाणी दर पाहुण्यामागे रिकामी होत जायची. शेवटच्या पाहुण्याचा त्यात अपमान होत नव्हता.

कोणी म्हणाले, जुने अत्तर उतरलेले असणार. हेही अज्ञान. स्पिरिटचा फवारा एकदा उघडला की कुपीत हवा शिरते आणि त्याचा वास हळूहळू बदलतो. कन्नौजच्या जुन्या रीतीचे अत्तर वेगळे. तांब्याच्या देगीत वाळा उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. बूच घट्ट लावून उन्हापासून दूर ठेवले तर ते वर्षानुवर्षे टिकते. शिवाय नवी कुपीसुद्धा तोंडापर्यंत भरत नाहीत, कारण उन्हाळ्यात तेल फुगते. माप लेबलवरच्या आकड्यात बघायचे असते.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हा लेख अर्धवट राहील. काही वर्षांपूर्वी मला एका मित्राने परदेशी सेंट दिला होता. वास आवडला नाही. पाव बाटली संपवून मी ती फडक्याने पुसली, खोक्यात घातली, खोक्याचे झाकण चिकटवले आणि ईदच्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मुअज्जिनसाहेबांना दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, दुआ दिली. मला कोणी हसले नाही. खोके नवे दिसत होते ना!

फुफीची निम्मी कुपी आणि माझी पाऊण बाटली, यांतली खोटी कोणती?

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते, ही हदीस आपण लहानपणी मदरशात ऐकली आहे. त्यांनी विक्रेत्याला विचारले की ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. धान्य भिजले हा त्याचा गुन्हा नव्हता, लपवले हा होता. फुफीने ओले धान्य वर ठेवले होते. मी खाली दाबले.

सुगंध दिला तर नाकारू नये, अशीही हदीस आहे, आणि ती आपण घेणाऱ्याला ऐकवतो. देणाऱ्याने तिचा अर्थ असा घ्यावा की समोरचा माणूस नाही म्हणणार नाही, तेव्हा जबाबदारी दुप्पट आपली. नाही म्हणू न शकणाऱ्याच्या हातात नको असलेली वस्तू खपवणे म्हणजे त्याच्या अदबीचा गैरफायदा घेणे.

आणि हे आपण अत्तरापुरतेच करत नाही. रमजानमध्ये दुकानात "जकातीच्या साड्या दाखवा" म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. घरच्यांसाठी एक गठ्ठा, जकातीसाठी दुसरा. जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ती अल्लाहच्या वाटेवर देऊ नका, असे सूरह बकराच्या 267व्या आयतीत बजावले आहे. आले-इमरान सूरहची 92वी आयत तर आवडीच्या वस्तूतूनच द्यायला सांगते. फुफीकडे फुफांची आठवण म्हणून तेवढेच अत्तर उरले होते. जुम्म्याला काडीभर लावायची. ते तिने दिले. जकातीच्या कोऱ्या साडीला कोणी हसत नाही, या कुपीला हसतात.

माझे म्हणणे एवढेच की अर्धी कुपी जरूर द्या, पण स्वतः लावाल अशीच द्या आणि अर्धी आहे हे तोंडाने सांगा. सांगायची लाज वाटत असेल तर देऊ नका.

तो फोटो अजून गटावर आहे. ज्याने टाकला त्याने तो काढावा आणि येरमाळ्याला जाऊन फुफीची माफी मागावी. बार्शीहून एसटी मिळते. मीही बरोबर येईन, पण त्याआधी मला मुअज्जिनसाहेबांकडे जायचे आहे.