विश्लेषण : श्रीलंका सावरली, पण सावरण्याचा खर्च कोणी उचलला?

दिवाळखोरीतून झपाट्याने बाहेर पडलेला देश म्हणून श्रीलंकेचे कौतुक होते. २०२२ मध्ये ७० टक्क्यांच्या घरात गेलेली महागाई २०२४ मध्ये शून्याखाली आली. २०२२ मध्ये ७ टक्क्यांहून अधिक आक्रसलेली अर्थव्यवस्था २०२४ मध्ये ५ टक्क्यांनी वाढली. हे आकडे खरे आहेत. पण जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये साधारण नऊ जणांमागे एक जण गरीब होता, तर २०२४ मध्ये चौघांमागे एक. हाही आकडा तितकाच खरा आहे. ही विसंगती कशी निर्माण झाली?

संकटाची सुरुवात कुठे झाली?

नोव्हेंबर २०१९ मध्ये गोताबाया राजपक्षे अध्यक्ष झाले आणि लगेच मोठी करकपात झाली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. या कराच्या नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १.२ कोटी रुपयांवरून थेट ३० कोटींवर नेली गेली. हातात पैसा राहिला की लोक खर्च करतील आणि अर्थव्यवस्था धावू लागेल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात तिजोरीला भगदाड पडले. एकूण उत्पन्नाच्या ११ ते १२ टक्के असलेला करमहसूल दोन वर्षांत ८ टक्क्यांच्या खाली गेला. पतमानांकन घसरले आणि परदेशी बाजारातून नवे कर्ज मिळणे बंद झाले. २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनी आधीच जायबंदी झालेले पर्यटन करोनाने ठप्प केले.

डॉलर संपल्यावर काय झाले?

इंधन, स्वयंपाकाचा गॅस आणि बहुतांश औषधे श्रीलंका आयात करते. २०१९ अखेरीस सुमारे साडेसात अब्ज डॉलर असलेल्या परकीय गंगाजळीपैकी मे २०२२ मध्ये वापरता येण्याजोगे पाच कोटी डॉलरही उरले नव्हते. तोपर्यंत डॉलरचा दर २०० रुपयांच्या आसपास रोखून धरण्यात बराच पैसा खर्ची पडला होता. मार्च २०२२ मध्ये हा हट्ट सोडताच दोन महिन्यांत दर ३६० पर्यंत गेला. त्याआधी २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी घातली गेली. काही महिन्यांत ती मागे घेतली, तरी भाताचे पीक हातचे गेले होते. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. जुलैमध्ये आंदोलक अध्यक्षीय निवासस्थानात घुसले आणि राजपक्षे देशाबाहेर पळाले.

गाडी रुळावर कशी आली?

भारताने २०२२ मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरची मदत दिली. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. श्रीलंकेचा हा सतरावा कार्यक्रम होता. व्याजदर चढे ठेवले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये विजेचे दर सरासरी ७५ टक्क्यांनी आणि सहा महिन्यांनी आणखी ६६ टक्क्यांनी वाढले. जानेवारी २०२४ पासून मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला आणि इंधन व गॅसही त्याच्या कक्षेत आले. मध्यवर्ती बँकेने सरकारला थेट कर्ज देण्यावर कायद्याने बंदी आली. यातील बहुतेक उपाय टाळता येण्याजोगे नव्हते.

मग आक्षेप कशाला?

आक्षेप वाटणीला आहे. मूल्यवर्धित कर मजूर आणि मालक दोघांना एकाच दराने लागतो. मिळकतीच्या तुलनेत तो मजुराला जड जातो. श्रीमंतांच्या मालमत्तेवर कर लावण्याचा विषय मात्र लांबणीवर पडत गेला.

देशांतर्गत कर्जाच्या फेररचनेतही हेच दिसले. २०२३ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधीला जुने सरकारी रोखे देऊन दीर्घ मुदतीचे नवे रोखे घ्यावे लागले. त्यांवर २०२६ पर्यंत १२ टक्के आणि पुढे ९ टक्के व्याज ठरले. नकार दिल्यास निधीच्या उत्पन्नावर १४ ऐवजी ३० टक्के कर लागणार होता. बँकांकडील रोखे यातून वगळले गेले. २०२४ अखेरीस परदेशी रोखेधारकांशी झालेल्या करारात अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा अधिक वाढल्यास त्यांना जास्त परतावा देण्याची तरतूद आहे. कामगारांच्या आयुष्यभराच्या बचतीला असे कलम मिळाले नाही.

नव्या सरकारपुढे पर्याय काय?

याच नाराजीवर स्वार होऊन सप्टेंबर २०२४ मध्ये डाव्या विचारांचे अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाले. त्यांनी नाणेनिधीचा कार्यक्रम मोडला नाही. पगारदारांसाठी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा महिना एक लाखावरून दीड लाख रुपये करून थोडा दिलासा दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दित्वा चक्रीवादळाने सहाशेहून अधिक बळी घेतले आणि पुनर्बांधणीचा नवा खर्च समोर आला. त्यातच परकीय कर्जाच्या परतफेडीचा भार २०२८ पासून वाढणार आहे. म्हणजे निर्यात आणि करवसुली भक्कम करायला फारसा वेळ नाही.

शिस्त सोडली तर २०२२ ची पुनरावृत्ती अटळ आहे. पण ज्यांनी ना कर्ज काढले ना करकपातीचा मोठा लाभ घेतला, त्यांच्याकडूनच वसुली होत राहिली, तर ही शिस्त फार काळ लोकांच्या गळी उतरणार नाही. तिजोरी भरण्याचा प्रश्न श्रीलंकेने बऱ्यापैकी सोडवला आहे. ती कोणाच्या खिशातून भरायची, याचे न्याय्य उत्तर अजून द्यायचे आहे. निवडणुकीपूर्वी करकपातीची आश्वासने वाटणाऱ्या कोणत्याही देशाने त्या कपातीचे बिल शेवटी कोणाच्या नावावर फाटते, हे कोलंबोकडे पाहून समजून घ्यावे.