शिक्षा न मानलेली शिक्षा : अमेरिकेतील गुन्हा आणि हद्दपारी

कागदपत्रांविना अमेरिकेत राहणाऱ्याला हद्दपार करायचे तर त्याच्या हातून गुन्हा घडलेला असावा लागतो, हा समज सर्वत्र आढळतो. कायदा तसे म्हणत नाही. परवान्याविना वास्तव्य एवढे कारण पुरेसे असते. गुन्हा सिद्ध झाला, की सुटकेच्या उरल्यासुरल्या वाटा बंद होतात.

त्या नेहमीच बंद नव्हत्या. १९१७ च्या कायद्याने ‘नैतिक अधःपतना’चे गुन्हे हद्दपारीस पात्र ठरविले, पण शिक्षा सुनावणारा न्यायाधीशच ‘या गुन्ह्यासाठी याला देशाबाहेर काढू नये’ अशी शिफारस करू शके आणि ती सरकारवर बंधनकारक असे. ज्याने साक्षीपुरावा ऐकला, त्याच्याच हाती दयेचा अधिकार होता. हे शहाणपण १९९० मध्ये कायद्यातून वगळण्यात आले.

तत्पूर्वी, १९८८ मध्ये, हद्दपारीसाठी ‘अतिगंभीर गुन्हा’ हा नवा वर्ग निर्माण झाला होता. त्यात तेव्हा खून आणि अमली पदार्थांची व शस्त्रांची तस्करी एवढेच होते. १९९६ च्या कायद्यांनी त्याची व्याप्ती अशी वाढविली, की एक वर्षाची शिक्षा झालेली चोरीही ‘अतिगंभीर’ ठरली. मग ती शिक्षा स्थगित असो आणि आरोपीने तुरुंगाची पायरीही चढलेली नसो. जुन्या गुन्ह्यांनाही हीच व्याख्या लागू झाली. दहा वर्षे राहिलेल्या, सद्वर्तनी माणसाला पत्नी-मुलांवर कोसळणाऱ्या असाधारण संकटाचा दाखला देऊन हद्दपारी रद्द करण्याची विनंती करता येते. पण ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याची मुले अमेरिकी नागरिक असली, तरी त्याला ती करताच येत नाही.

हे सारे घटनेच्या चौकटीत बसते कसे? १८९३ मध्ये चिनी मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी ही शिक्षाच नव्हे, असे ठरविले. शिक्षा नाही, म्हणून पूर्वलक्षी कायद्याला मनाई नाही आणि सरकारी खर्चाने वकीलही नाही. चाळीस वर्षे कायदेशीर वास्तव्य केलेल्या, व्हिएतनाम युद्धात लढलेल्या होसे पडिया यांच्या खटल्यात २०१० मध्ये न्यायालय थोडे नरमले : गुन्हा कबूल करण्यापूर्वी हद्दपारीच्या धोक्याची कल्पना देणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य ठरले. मूळ तत्त्व मात्र कायम राहिले.

जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने तर दोषसिद्धीचीही अट सोडून दिली. कागदपत्रे नसलेल्यावर दुकानातील किरकोळ चोरीचा नुसता आरोप आला, तरी स्थानबद्धता अनिवार्य. पुढे तो निर्दोष सुटेलही; पण तोवर हद्दपारीची सुनावणी कोठडीतूनच लढायची, स्वखर्चाने वकील मिळाला तर मिळाला.