तिमुकुआंचे चित्र कसे काढावे?

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची जुनी चित्रे आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकांत पाहिली असतील. ग्रीक पुतळ्यांसारखे पिळदार पुरुष, अंगभर गोंदण, हातात धनुष्य. त्यांतली बरीच चित्रे फ्लोरिडाच्या तिमुकुआ लोकांची आहेत. हीच चित्रे समोर ठेवून आजच्या चित्रकारांनी ती नव्याने काढावीत, अशी स्पर्धेची एक कल्पना वाचनात आली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला अशी स्पर्धा मोहात पाडते आणि थोडी काळजीतही टाकते.

आधी या चित्रांची जन्मकथा सांगतो. १५६४ साली फ्रेंच प्रोटेस्टंटांनी फ्लोरिडात फोर्ट कॅरोलाइन हा किल्ला बांधला. त्यांच्याबरोबर जाक ल मोयन हा चित्रकार होता. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सैन्याने किल्ला घेतला आणि ल मोयन जीव घेऊन निसटला. १५८८ साली तो लंडनला वारला. त्याच्या पत्नीकडून थिओडोर द ब्राय याने चित्रे विकत घेतली आणि १५९१ साली फ्रँकफुर्टला तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली. एकूण ४२ चित्रे. द ब्रायने स्वतः अमेरिका कधीच पाहिली नव्हती.

आता या चित्रांतल्या गमती पाहा. एका चित्रात तिमुकुआ ज्या शिंपल्यांतून पेय पितात, ते नॉटिलसचे शिंपले आहेत. हा प्राणी हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतला, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो मिळतच नाही! काही योद्ध्यांच्या हातातली दांडकी ब्राझीलच्या लोकांची आहेत. म्हणून जेराल्ड मिलानिच यांच्यासारख्या अभ्यासकांनी या चित्रांच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका घेतल्या. तरीही चारशे वर्षे तिमुकुआ म्हटले की हीच चित्रे पुढे येतात.

हरकत कोण घेणार? काही अभ्यासकांच्या अंदाजाने एके काळी सुमारे २ लाख असलेले हे लोक रोगराई, लढाया आणि सक्तीची मजुरी यांत संपत गेले. १७६३ साली स्पेनने फ्लोरिडा इंग्रजांना दिला, तेव्हा उरलेले मोजके लोक स्पॅनिशांबरोबर क्यूबाला गेले. त्यांची भाषा आज कुणी बोलत नाही.

पण वाचकहो, त्यांचे एक वेगळे चित्र शिल्लक आहे, आणि तेही अनपेक्षित ठिकाणी. फ्रान्सिस्को पारेखा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने १६१३ साली मेक्सिकोत एक पुस्तक छापले. पापाची कबुली घेताना काय काय विचारायचे, याचे प्रश्न त्यात स्पॅनिश आणि तिमुकुआ अशा दोन्ही भाषांत दिले आहेत. पक्षी किलबिलला की कुणीतरी येणार, असे मानलेस का? डोळा लवला की रडावे लागणार, असे मानलेस का? अशा धाटणीचे ते प्रश्न. कावळा ओरडला की पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या आणि डोळा लवला की देवापुढे हात जोडणाऱ्या आपल्या आज्यांना हे वाचून हसू आले असते. मराठी घरात काय आणि कन्नड घरात काय, हे शकुन सारखेच. पाद्र्याने पाप म्हणून नोंदले, आणि त्यामुळेच ते आपल्यापर्यंत पोहोचले.

म्हणून मला वाटते, अशा स्पर्धेत पिळदार दंडांऐवजी घराच्या दारात उभी राहून पक्ष्याचा आवाज ऐकणारी बाई कुणी काढली, तर ती मूळ चित्रांपेक्षा तिमुकुआंच्या जास्त जवळ जाईल. चित्रकाराने रंग उघडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: उत्खननात काय सापडले, पारेखाने काय लिहिले, आणि माझ्या मनातून मी काय घातले? तिसऱ्याचे उत्तर चित्राखाली लिहावे. कल्पना वापरायला हरकत नाही, पण ती कल्पना आहे हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. द ब्रायने एवढे केले असते तर नॉटिलसचा घोळ झाला नसता.

हे सारे फार दूरचे आहे असे समजू नका. याच द ब्राय घराण्याच्या छापखान्याने पुढे डच प्रवासी लिन्सखोटेनची गोव्याची चित्रेही छापली. फरक एवढाच की गोव्याचे लोक आजही तिथे आहेत, त्यांची भाषा बोलतात, आणि चित्र चुकले तर चुकले म्हणू शकतात.

आपल्या घरांतल्या दोन भाषांकडेही या नजरेने पाहावे. आजीला कोणते शकुन कोणत्या भाषेत आठवतात, हे या सुटीत मुलांना विचारायला लावा आणि वहीत उतरवून घ्या. शेजारी एखादे चित्रही काढू द्या. आजी समोर असतानाच काढलेले बरे, म्हणजे चुकले तर ती सांगेल.