पडद्यावरचा चेहरा आणि पडद्याचा मालक

कृष्णवर्णीयांच्या जीवनावरील चित्रपटांविषयी जी चर्चा अलीकडे होते, ती बहुधा चेहऱ्यांपाशी सुरू होते आणि चेहऱ्यांपाशीच संपते. नायक काळा होता काय, त्याला मोलकऱ्याची भूमिका दिली की राजाची, दिग्दर्शक कोणत्या वर्णाचा होता, हे तिचे नेहमीचे प्रश्न. २०१८ साली आलेल्या ‘ब्लॅक पँथर’ या अमेरिकन चित्रपटाने या चर्चेला मोठीच उभारी दिली. वसाहतवादाचा स्पर्श न झालेले एक काल्पनिक आफ्रिकी राज्य त्यात दाखविले होते; लंडनच्या संग्रहालयातील आफ्रिकी वस्तू तेथे कशा आल्या, असा रोखठोक प्रश्नही त्यातील एक पात्र विचारते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पडद्यावर केवळ नोकर वा गुंड म्हणूनच स्वतःचे दर्शन घडले, त्या प्रेक्षकांना त्यातून लाभलेले समाधान क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. तथापि या चित्रपटाचे जगभरचे उत्पन्न १३० कोटी डॉलरहून अधिक झाले आणि त्याचा मालक होता डिस्ने हा अमेरिकन उद्योगसमूह, हीही वस्तुस्थिती आहे. वसाहतीतील लुटीवरचा प्रश्नसुद्धा विक्रीचा माल होऊ शकतो, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

चेहऱ्यापलीकडचा हा प्रश्न ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे मांडला, तो कलावंत विद्यापीठातून आलेला नव्हता. सेनेगलच्या दक्षिणेकडील झिगिंशोर येथे १९२३ साली जन्मलेला उस्मान सेंबेन मार्सेयच्या गोदीत हमाली करीत होता. तेथेच तो कामगार संघटनेत आला, तेथेच लिहू लागला. १९४७-४८ सालच्या डाकार-नायजर रेल्वेच्या प्रदीर्घ संपावर त्याने कादंबरी लिहिली. परंतु ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्या बहुसंख्य माणसांना फ्रेंच वाचता येत नाही, हे सत्य त्याला स्वस्थ बसू देईना. म्हणून वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९६२ मध्ये, तो चित्रपटाचे शिक्षण घेण्यासाठी मॉस्कोला गेला.

त्याच्या आधी फ्रेंच आफ्रिकेत आफ्रिकी चित्रपट का नव्हता, याचे उत्तर कलेच्या इतिहासात नसून कायद्यात व भांडवलात आहे. १९३४ सालच्या लावाल यांच्या हुकमान्वये वसाहतीत कोणतेही चित्रीकरण करण्यास सरकारी परवानगी आवश्यक ठरविण्यात आली. रने वोत्ये या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाने परवानगी झुगारून वसाहतीतील शोषणावर ‘आफ्रिक ५०’ हा लघुपट तयार केला, तेव्हा त्याला तुरुंगवास घडला व लघुपट चाळीस वर्षांहून अधिक काळ बंदीत राहिला. पॉलँ व्हिएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५५ साली आफ्रिकी माणसावरचा आपला चित्रपट पॅरिसमध्ये काढावा लागला, कारण मायदेशी कॅमेरा लावण्याची मुभा नव्हती.

भारतीय वाचकाने येथे एक तुलना अवश्य करावी. ब्रिटिशांचे सेन्सॉर काही कमी कठोर नव्हते. विदुराच्या वेषात गांधीजी दिसतात म्हणून १९२१ चा ‘भक्त विदुर’ मद्रासेत व कराचीत बंद पाडण्यात आलाच. तरीही दादासाहेब फाळके १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा करू शकले आणि पुढे त्यांच्या कंपनीला पैसा पुरविणारे भागीदार मुंबईत मिळू शकले. देशी व्यापारी भांडवल, देशी चित्रगृहे आणि मोठा देशी प्रेक्षक या तिन्ही गोष्टी येथे होत्या. डाकारमध्ये प्रेक्षक होता, पण भांडवल नव्हते आणि चित्रगृहांवरचा ताबा परक्यांचा होता. १९६० साली सेनेगल स्वतंत्र झाला; तरी त्या भागातील चौदा देशांतील चित्रपटांचे वितरण दोन फ्रेंच कंपन्यांच्याच हाती राहिले. ध्वज बदलला, तिकीटबारी बदलली नाही.

अशा परिस्थितीत १९६६ साली सेंबेनचा ‘ला न्वार द…’ हा सुमारे तासाभराचा चित्रपट आला. या नावातच त्याचा आशय आहे. फ्रेंच ‘द’ म्हणजे मराठीतील ‘-ची’. ‘अमक्याची काळी मुलगी’ यातला ‘अमक्या’ मोकळा सोडलेला आहे. ती गावाची की मालकाची, हे प्रेक्षकाने ठरवावे. इंग्रजीत नाव देताना हा षष्ठीचा प्रत्ययच गळाला आणि मागे उरला तो केवळ वर्ण. परदेशी समीक्षेत पुढे जे व्हावयाचे होते त्याची ही जणू सुरुवातच होती.

वृत्तपत्रातील एका खऱ्या बातमीवर ही कथा आधारलेली आहे. दियुआना ही डाकारची तरुणी एका फ्रेंच कुटुंबात मुले सांभाळण्याच्या कामावर लागते आणि त्यांच्यासोबत फ्रान्समधील आंतीब येथे जाते. तेथे तिला स्वयंपाक, धुणे व झाडलोट करावी लागते; फ्रान्स म्हणजे तिच्यापुरते चार भिंतींचे घर उरते. तिच्या आईचे पत्र येते तेव्हा मालक तिच्या वतीने उत्तर लिहावयास बसतो. मुलीने काय सांगावयाचे तेही तोच ठरवितो. अखेर ती आत्महत्या करते. तिचा थकलेला पगार घेऊन मालक डाकारला जातो, तेव्हा आई पैशाला हात लावीत नाही.

या कथेत वर्णद्वेष आहेच. परंतु सेंबेन त्याला स्वभावदोष म्हणून दाखवीत नाही. मालकीण दुष्ट राक्षसीण नाही, मालक तर सौम्यच आहे. मोलकरणींनी काम मिळेल या आशेने डाकारच्या रस्त्यावर ताटकळत बसावे आणि गोऱ्या बाईने येऊन त्यांतून एक निवडावी, अशी श्रमाची बाजारपेठ जेथे शिल्लक आहे, तेथे सौम्य माणसाच्या हातूनही हेच घडते, असा त्याचा निष्कर्ष आहे. वसाहतीचा वारसा म्हणतात तो हा. तो मनात असतो. पण त्याआधी तो मजुरीच्या दरात, पासपोर्टात आणि भाषेत असतो.

भाषेचा पेच तर चित्रपटालाही चुकला नाही. पडद्यावरची दियुआना निरक्षर; पण मनातले विचार मात्र शुद्ध फ्रेंचमध्ये बोलते, आणि तो आवाजही दुसऱ्याच अभिनेत्रीचा आहे. फ्रान्सच्या सहकार्य मंत्रालयाने आफ्रिकी चित्रपटांना मदत देण्यासाठी एक विभाग उघडला होता. त्याने ही पटकथा नाकारली आणि चित्रपट पुरा झाल्यावर त्याचे हक्क विकत घेतले. पुढचा ‘मांदाबी’ (१९६८) सेंबेनने वोलोफ भाषेत केला खरा. पण पैसा फ्रेंच सरकारी निधीचा असल्याने तोच चित्रपट फ्रेंचमध्येही चित्रित करावा लागला. त्यातील इब्राहिमा दियेंग याला पॅरिसमधील पुतण्याकडून २५,००० फ्रँकची मनीऑर्डर येते. ती वटविण्यास ओळखपत्र हवे, ओळखपत्रास जन्मदाखला हवा आणि दाखल्यास जन्मतारीख हवी. कचेऱ्यांच्या या फेऱ्यात शेवटी त्याला लुबाडतो तो त्याच्याच नात्यातला, नवशिक्षित देशी माणूस. ‘खाला’त (१९७५) तर स्वातंत्र्यानंतर गादीवर आलेल्या व्यापारीवर्गाचीच त्याने झडती घेतली. गोऱ्यांच्या अन्यायाचे नाव पुढे करून स्वकीयांना माफी देण्याची सवलत सेंबेनने कोणाला दिली नाही. वंशाभिमानाच्या राजकारणाला त्याचे चित्रपट पचले नाहीत याचे कारण येथे सापडते.

१९८८ सालचा ‘कां द त्यारॉय’ या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी सैनिकांनी डाकारजवळील त्यारॉयच्या छावणीत थकीत वेतन मागितले, म्हणून १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चित्रपटातील संघर्ष पेटतो तो सैनिकांच्या नोटा निम्म्या दराने बदलून देण्याच्या प्रस्तावावरून. अपमान वर्णाचा आहे, आणि तो रुपयेपैशांच्या हिशेबात मोजूनही दाखविला आहे. सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया यांच्या सहकार्याने, फ्रान्सची मदत न घेता हा चित्रपट तयार झाला व व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या घटनेला ‘हत्याकांड’ हा शब्द वापरण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

मग उपाय काय? आफ्रिकी देशांनी एक प्रयोग करून पाहिला होता. अप्पर व्होल्टाने, म्हणजे आजच्या बुर्किना फासोने, १९७० मध्ये चित्रगृहांचे राष्ट्रीयीकरण केले आणि तिकिटांच्या उत्पन्नातून देशी चित्रपटांसाठी निधी उभारला. परकीय कंपन्यांनी चित्रपट पुरविणेच थांबविले, तेव्हा त्या छोट्या देशाला तडजोड करावी लागली. पुढे अनेक देशांनी मिळून वितरणाची संयुक्त संस्था काढली. तीही ऐंशीच्या दशकाच्या मध्यास कोलमडली. त्या अपयशात सभासद सरकारांच्या बेपर्वाईचा वाटा मोठा होता, हे समाजवाद्यांनी तरी लपवू नये. नंतर कर्जांच्या अटींखाली सार्वजनिक खर्च आटला आणि १९९४ मध्ये फ्रँकशी जखडलेल्या चलनाचे मूल्य एका रात्रीत निम्म्यावर आले. बाहेरून आणावयाची कच्ची फिल्म त्या दिवशी दुप्पट महाग झाली. युनेस्कोच्या २०२१ च्या अहवालानुसार आफ्रिका खंडात पावणेआठ लाखांहून अधिक लोकांमागे चित्रपटगृहाचा एक पडदा आहे. पडदाच नसेल तर त्यावर कोणाचा चेहरा दिसतो, हा वाद कोणासाठी चालला आहे?

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईच्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेला नाव देताना अमेरिकेतील ब्लॅक पँथरांकडे पाहिले. इतके जुने नाते असूनही सेंबेनचे चित्रपट येथे फिल्म सोसायट्यांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोचले नाहीत. ‘ब्लॅक पँथर’ नावाचा हॉलिवुडचा चित्रपट मात्र शहरोशहरी पोचला. यात प्रेक्षकाच्या अभिरुचीचा दोष थोडा, वितरणाच्या साखळीचा अधिक. ग्रंथालये, महाविद्यालये आणि कामगार संघटना यांनी मनावर घेतल्यास ही साखळी थोडीफार तरी तोडता येईल. आफ्रिकेतील व भारतातील चित्रसंग्रहालयांनी सार्वजनिक पैशातून परस्परांचे चित्रपट जतन करावेत, भाषांतरित करावेत आणि ना-नफा तत्त्वावर दाखवावेत, ही मागणी मुळीच अवास्तव नाही. दियुआनाचे पत्र मालकाने लिहावयास घेतले, तेव्हा तिने आईचे पत्र फाडून टाकले. तिच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता. पत्र स्वतः लिहिण्याची आणि ते स्वतःच पोचविण्याची व्यवस्था उभी करणे, हे तिच्या मागून आलेल्यांचे काम आहे.